केबिनमध्ये माणूस हवा

आज आईला घेऊन जळगावच्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो होतो. सुरुवातीपासून पडदा काळवंडलेला होता आणि मध्यंतराच्या आधी आवाजच गेला. दारावरच्या मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "काका, वर कोणी नसतं, सगळं आपोआप चालतं." घरी आल्यापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

माझे आबा अमळनेरला एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे मागच्या केबिनमध्ये उभे राहून प्रोजेक्टर चालवायचे. दोन प्रोजेक्टर, दोन हजार फुटांचे रीळ, ते जेमतेम बावीस मिनिटे चालायचे. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका चमकला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच त्या यंत्रावर चित्र घ्यायचे. खाली बसलेल्यांना सांधा कळता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात, प्रोजेक्टरच्या उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांजवळ, काळ्या काचेतून ज्योत पाहत ते उभे असायचे. घरी आल्यावर बोटांच्या पेरांतला काळा रंग साबणाने निघत नसे.

आता चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, ओरखडा नाही, रीळ तुटणे नाही, खुर्च्याही चांगल्या आणि बायकांसाठी स्वच्छतागृहे आहेत, हे मान्य. पण प्रोजेक्टरचा दिवा मंदावला आहे हे पाहायला कोणी नसेल, तर अडीचशे रुपये कशाचे घेता? पॉपकॉर्नच्या खिडकीवर चार माणसे आणि चित्रासाठी एकही नाही, हा प्रेक्षकाचा सरळ अपमान आहे!

एका रात्री आमच्याकडे रीळ वेळेवर आले नाही. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची आणि पेटी सायकलवरून यायची. शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला. आबांनी केबिनच्या झरोक्यातून डोके काढून "पाच मिनिटं थांबा रे भो" एवढेच म्हटले आणि ओरडा थांबला, कारण ज्याच्यावर ओरडायचे तो माणूस समोर होता आणि आपल्याइतकाच घामाघूम झालेला होता.

ते टॉकीज आता नाही, आबाही नाहीत. आज आवाज गेला तेव्हा सगळे मोबाइल काढून बसले. आईने मात्र मान वळवून मागच्या भिंतीतल्या झरोक्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "केबिनमा कोनी नही का रे?"