पाण्याखालची झाडलोट

नागपुरात घरी आलेल्या पाहुण्याला खाऱ्या पाण्याची टाकी दाखवली की पहिला प्रश्न येतो, मासा केवढ्याचा. दुसरा, हा खायचा की पाहायचा. तिसरा हमखास रेतीवर घसरतो: "खाली इतकी घाण काहून हो भाऊ? धूत नाही का तुम्ही?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उभ्या उभ्या देता येतात. तिसऱ्यासाठी पाहुण्याला जेवायला थांबवावं लागतं.

कारण ती रेती म्हणजे फरशी नाही, भाड्याने दिलेली चाळ आहे. प्रत्येक कणावर जिवाणूंची बिऱ्हाडं असतात. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा आणि उरलेल्या खाण्यातला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात, म्हणून मासे जिवंत राहतात. दिवाळीच्या जोशात ही रेती बादलीत काढून नळाखाली खळखळून धुतली तर ती चकचकीत होते खरी, पण नळाच्या पाण्यातला क्लोरीन सगळी बिऱ्हाडं उठवतो. दोन-चार दिवसांत अमोनिया चढतो आणि मासे आडवे होतात. स्वच्छता मोहीम यशस्वी, फक्त लाभार्थी शिल्लक नाहीत.

रेती कुठली, इथूनच वाद सुरू होतो. आपल्याकडे रेती म्हटलं की कन्हानची. स्लॅबला तिच्यासारखी दुसरी नाही, हे कुठलाही ठेकेदार सांगेल. पण ती गारगोटीची, आणि तिच्यात लोहाचे काळे कण असतात. चुंबक फिरवून पाहा, मिशा फुटल्यासारखे चिकटतात. काच घासायच्या चुंबकी ब्रशला असा एक कण लागला की काचेवर जन्माचा ओरखडा. म्हणून टाकीत अ‍ॅरागोनाइटची रेती घालायची, म्हणजे प्रवाळ-शिंपल्यांचं कॅल्शियम कार्बोनेट. ओळखायला सोपं: चमचाभर रेतीवर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर खरी. दुकानात सांगतात की ही रेती पाण्याचा पीएच सांभाळते. ८.२ पीएचला ती ढिम्म विरघळत नाही, त्या आशेवर राहू नका.

या पांढऱ्या रेतीची गंमत वेगळीच आहे. पोपटमासा चोचीने प्रवाळाचा खडक खरवडून खातो, पचतं ते पचवतो आणि उरलेलं पांढरं पीठ मागून सोडून देतो. मालदीव आणि हवाईच्या ज्या किनाऱ्यांवर लोक मधुचंद्राचे फोटो काढतात, तिथली बरीच रेती अशीच तयार झालेली. म्हणजे माशाच्या विष्ठेवर पडलेली माशाची विष्ठा काढण्यासाठी आपण रविवार घालवतो.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरा. दगड आणि रेती जाऊन पाणी राहतं सुमारे दीडशे लिटर. कण १ ते २ मिलिमीटरचा, थर ३ सेंटिमीटरचा. त्याला १७-१८ किलो रेती लागते. पिठीसाखरेसारखी बारीक रेती दिसायला झकास, पण पंप सुरू केला की टाकीत धुळीचं वादळ. दहा-पंधरा सेंटिमीटरचा जाड थर नायट्रेट संपवतो हे खरं, पण तो कधीही ढवळायचा नाही. तळाशी प्राणवायू नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. काळा डाग आणि सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं. मधला सहा-सात सेंटिमीटरचा थर तर धड इकडचा ना तिकडचा, त्यात दोन्हींचे तोटे.

आता रंगांकडे येऊ, कारण खरी फसगत तिथे होते. नवी टाकी दोन-तीन आठवड्यांची झाली की रेतीवर चहाच्या भुकटीसारखा तपकिरी थर बसतो. ते डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिका संपलं की महिना-दीड महिन्यात आपोआप जातात. त्यांच्यासाठी औषध आणणं म्हणजे दुधाचे दात काढायला दवाखान्यात जाणं. जांभळट-तांबडा, सायीसारखा अख्खा उचलता येणारा पापुद्रा आला तर तो सायनोबॅक्टेरिया. खाणं जास्त पडतंय आणि पाणी त्या कोपऱ्यात फिरत नाही, असा त्याचा निरोप असतो. पापुद्रा नळीने ओढून काढायचा, वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंपाचं, तोंड तिकडे वळवायचं, खाणं निम्मं करायचं.

तिसरा प्रकार म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव), आणि तो फक्त टापटीप माणसांच्या घरी येतो. तपकिरी, शेंबडासारखा, तारा सुटलेला, टोकाला हवेचे बुडबुडे. दिवे मालवले की बराचसा गायब, सकाळी उजेड पडला की पुन्हा हजर. खात्री करायची असेल तर थोडा नमुना बाटलीत घालून जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. हा येतो बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेल्यावर, म्हणजे पाणी फार स्वच्छ झाल्यावर. घासूनपुसून तो वाढतो. त्यावर उपाय म्हणजे साफसफाई थांबवणं, पाणी बदलणं बंद ठेवणं, खाणं वाढवणं आणि नायट्रेट ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच भाग), फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आणून ठेवणं. "घाण कमी पडली म्हणून घाण झाली," हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांसमोर एकदा म्हणून पाहा.

काच आणि रेती यांच्यामध्ये दिसणारी हिरवी पट्टी मात्र निरुपद्रवी. उजेड आत शिरतो आणि तिथे शेवाळ धरतं, बस. पण पाहुण्याचं बोट नेमकं तिथेच जातं. बाहेरून तीन सेंटिमीटर रुंदीची काळी टेप चिकटवली की पट्टीही जाते आणि पाहुण्याचा मुद्दाही.

हाताखाली माणसं ठेवून काम होईल असं वाटत असेल तर त्यांचे स्वभाव माहीत असू द्या. नॅसॅरियस गोगलगायी दिवसभर रेतीत गाडून घेतात, फक्त सोंड वर. खाण्याचा वास आला की सगळ्या एकदम उठतात, सावजीच्या पंगतीला उठावं तशा. शेवाळाला त्या तोंड लावत नाहीत, उरलेलं अन्न संपवतात आणि रेती हलती ठेवतात. रेती चाळणारा गोबी मासा तोंडभर रेती घेऊन कल्ल्यांतून गाळतो, रेती पांढरीशुभ्र करतो आणि तीच वर नेऊन दगडावर ओततो. शिवाय तीन फुटी टाकीत त्याचं पोट भरत नाही, वेगळं खाणं द्यावं लागतं. रेती चाळणारा तारामासा आणूच नका. तो रेतीतले सगळे बारीकसारीक किडे-जीव चाटूनपुसून खातो आणि नंतर उपाशी मरतो. समुद्रकाकडी या कामात सर्वांत हुशार, पण ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ज्या यादीत पेंचचा वाघ, त्याच यादीत ही काकडी. कठीण प्रवाळांचंही तेच. आणि वनखात्याचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

शेवटी नळी आपल्याच हातात येते. आधी पंप बंद करायचे. दगडांवरचा गाळ सुई काढलेल्या ५० मिलिलिटरच्या सिरिंजने फुंकून खाली पाडायचा आणि दहा मिनिटं बसू द्यायचा. मग पाच सेंटिमीटर रुंद तोंडाची सायफन नळी रेतीत थेट काचेपर्यंत खुपसायची. रेती आत गरगरते, हलका गाळ वर जातो. रेती नळीच्या निम्म्यापर्यंत चढली की मागची नळी अंगठ्याने दाबायची, रेती खाली बसते. सोडा, उचला, शेजारी खुपसा. अंगठा चुकला की शंभर ग्रॅम रेती बादलीत. नळी तोंडाने ओढून सुरू करायचं शौर्य नको, रबरी फुगा असलेली नळी मिळते. हाताला काप-खरचटलं असेल तर हातमोजे घाला. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू त्वचेत शिरला तर महिनोन्‌महिने औषधं चालतात.

एका वेळी एक तृतीयांशच रेती. डावा भाग या आठवड्यात, मधला पुढच्या, उजवा त्यानंतर. एक भाग होईतो १५ लिटर पाणी निघालेलं असतं. तेवढंच परत घालायचं, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास सागरी मीठ आदल्या दिवशी मिसळून, खारटपणा हजारी ३५ आणि तापमान टाकीइतकंच. पाणी घरच्या आरओचं असेल तर त्यातली चव आणणारी मिनरलची कांडी आणि टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू आधी बंद करा. तिथूनच कच्चं पाणी मिसळतं आणि त्याबरोबर सिलिका येतं. पुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडून टीडीएस शून्य आणायचा. पंप सुरू केल्यावर गढूळपणा गाळायला कापूस लावा, पण दोन-तीन दिवसांत काढा, नाहीतर पकडलेला गाळ तिथेच सडतो.

मे महिन्यात या सगळ्याला घाई सुटते. बाहेर ४५ अंश, टाकीला लागतात २६. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि रेती लवकर काळी पडते. पाण्यावर छोटा पंखा लावला तर रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं आणि तापमान उतरतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याची अर्धी ताकद जाते. माणसांनी गारव्यात बसायचं की माशांनी, हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा.

उपसलेलं पाणी कुंडीत ओतू नका. गोड्या टाकीचं पाणी झाडांना खत, खाऱ्याचं तुळशीला विष. ते न्हाणीतच जायला हवं. आणि तिन्ही बादल्यांवर मार्करने ठळक लिहा: ताजं खारं, वापरलेलं खारं, गोडं. कुणी चांगल्या मनाने चुकीची बादली कूलरमध्ये रिकामी केली तर पत्र्याला गंज धरतो, ताट्यांवर मीठ फुटतं, आणि भर दुपारी धरमपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर जुहूचा वारा सुटतो.