हिरवळ आणि हिरवी शाई

हरळीला आर्थिक वर्ष कळत नाही, एवढाच तिचा दोष. ३१ मार्चला उद्यानाच्या देखभालीचा ठेका संपतो. नव्या निविदेची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकते, आणि तिच्यावर साहेबांची हिरवी शाई उमटेपर्यंत जुलै उजाडतो. तोवर पालिकेची लॉन आम्हा फिरायला येणाऱ्यांच्या गुडघ्याला लागलेली असते.

मग कापणी. लॉनचं खरं यंत्र रीळाचं: फिरती पाती आणि खाली एक स्थिर पातं, कात्रीसारखं कापणारं. पण गुडघाभर गवतात ते दोन पावलांत अडकतं. म्हणून खांद्याला ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाशी नायलॉनची दोरी गरगर फिरवून गवत छाटणारं यंत्र. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं. माप ५० ला १ असेल, तर लिटरमागे २० मिली. प्रत्यक्षात हे माप बाटलीच्या बुचाने आणि देवाच्या भरवशाने होतं. ऑइल जास्त झालं की प्लग काळा आणि बाग धुराने निळी, कमी झालं की पिस्टन जाम आणि कापणी पुढच्या आठवड्यावर. नायलॉनची दोरी खडे उडवते ते आमच्या नडग्यांवर. शिवाय वृक्षारोपणाच्या दिवशी फोटो काढून लावलेल्या रोपाची साल ती बुंध्याशी गोल सोलते. पंधरा दिवसांनी रोप वाळतं, दोष उन्हाला.

नियम साधा आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. दीड इंच राखायची तर सव्वादोन इंचाला कापावी, म्हणजे पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी एकदा. पण बिल निघतं चौरस मीटरवर. गवताच्या उंचीला त्यात रकाना नाही. मग एकदाच मुंडण. हिरवी पानं वरच्या वर जातात, खाली उरतात पिवळ्या काड्या. मुळं हाय खातात, मोकळ्या झालेल्या मातीवर ऊन पडतं आणि लव्हाळा डोकं काढतो. महापुरात वाचणारा तो, ब्रश कटरला काय भिणार! जमिनीखालच्या गाठी खुरप्याने खणून काढल्याशिवाय तो जात नाही. वरून उपटला की दुप्पट जोमाने येतो. लॉन सुधारायला मागवलेल्या लाल मातीतून आणि शेणखतातून त्याचे नातेवाईकही येतात, तेही सरकारी खर्चाने.

आता लॉनला जोर यावा म्हणून युरिया. १०० चौरस मीटरला एक किलो, सारखा फेकून, लगेच भरपूर पाणी. इथे मूठ आज पडते आणि टँकर उद्या येतो. जिथे मूठ पडली तिथे करपलेला तपकिरी ठिपका, भोवती गर्द हिरवं कडं. माळी कुठून कुठे चालला ते ठिपक्यांवरून सांगता येतं. कुत्र्यांनी मुतलेल्या जागीही हुबेहूब हीच नक्षी उमटते, कारण नत्र तेच. कुत्री निविदेशिवाय काम करतात, एवढाच फरक.

हिवाळ्यात हरळी पिवळी पडते, वाढ जवळपास थांबते. नेमक्या त्याच वेळी करारातल्या उरलेल्या कापण्या मार्चच्या आत पुऱ्या करायच्या असतात. म्हणून जानेवारीत मशीन न चुकता दर आठवड्याला येतं, उघड्या मातीवरून घरघरत धूळ उडवतं, आणि नाकाला रुमाल लावलेला मुकादम वहीत लिहितो : फेरी क्रमांक १४, काम समाधानकारक.