‘वेळ वाढवणारी’ ट्रामाडॉल: फॉरवर्डमधलं खोटं

‘नवरदेवांसाठी खास टिप्स’ हा फॉरवर्ड आता भाच्याच्या मोबाइलवरही पोचलाय, आणि त्याचं लग्न तोंडावर आलंय. त्यातले दावे असे: ट्रामाडॉलच्या अर्ध्या गोळीने संभोगाचा वेळ वाढतो नि सवय लागत नाही, दोन पेगने जोर येतो, तंबाखूचा याच्याशी संबंध नाही, डॉक्टरला काही सांगायची गरज नाही.

आधी गोळी. तिने वीर्यपतन लांबतं, एवढं खरं. पण ट्रामाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक आहे, 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. ‘सवय लागत नाही’ हे धादांत खोटं. रोज घेतली की अर्धीची एक होते, एकीच्या दोन-तीन. चुकली की घाम, जुलाब, अंगदुखी, झोपेचं खोबरं, आणि वीर्यपतन पूर्वीपेक्षाही लवकर. मूळचं दुखणं वाढलं असं वाटून माणूस पुन्हा गोळी घेतो, आणि तिथेच अडकतो. महिनोन्‌महिने घेतली तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटू शकतं, इच्छाच उरत नाही. दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर गेलं की फिट येण्याचा धोका बराच वाढतो. कमी डोसलाही फिट येऊ शकते.

‘आयुर्वेदिक’ म्हणून कामिनीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. कामिनी विद्रावण रसात अफूच असते.

डॉक्टरपासून लपवण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. शीघ्रपतनावर डॉक्टर डॅपॉक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन देतात. ट्रामाडॉल चालू असताना यातलं काहीही पोटात गेलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बेसुमार वाढू शकतं: थरथर, ताप, गोंधळ, फिट. डॉक्टरला ठाऊकच नसेल तर तो सावध कसा होणार?

दारूने भीड चेपते, हे कबूल. पण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दारूचं व्यसन असलेल्या 100 पुरुषांपैकी 72 जणांना लैंगिक तक्रारी होत्या, आणि सर्वांत जास्त फरक पडत होता तो पिण्याच्या प्रमाणाने. 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं, हे रोज ‘फक्त क्वार्टर’ घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

तंबाखूचं थोडक्यात: लिंगाच्या धमन्या जेमतेम 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4. सिगारेटने आधी अरुंद होतात त्या बारीक, आणि ताठरतेसाठी लागणारं रक्त कमी पडतं.

तपासणीला जाताना सगळी पाकिटं सोबत न्या. काय, किती, शेवटचं कधी घेतलं ते सांगा. सकाळी ताठरता येते का, हेही. रोजची दारू किंवा ट्रामाडॉल मनाने एकदम बंद करू नका. दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ट्रामाडॉल डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, फोन मोफत आहे.