चॉकलेटमध्ये ओला चमचा

रविवारी संध्याकाळी साडेसहाला फोन येतो. "चॉकलेटचा गोळा झालाय गं, आठला पाहुणे येतायत, पटकन काहीतरी सांग." या महिन्यातला हा तिसरा. तेव्हा सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. चॉकलेटमध्ये बुडवलेले चीजकेक बाइट्स पहिल्यांदा करणार असाल, तर पुढचा सल्ला तंतोतंत पाळा. फोन करायची वेळ हमखास येईल.

सुरुवात पाहुणे यायच्या दिवशीच, दुपारी चारला करा. केक रात्रभर फ्रिजमध्ये बसवायचा, तुकडे पाडून पुन्हा तासभर फ्रीझरमध्ये, मग चॉकलेट, हे सगळं रिकामटेकड्यांसाठी. रीलमध्ये चाळीस सेकंदांत होतं. तुमच्याकडे तर चार तास आहेत.

वजनकाटा अजिबात नको. २२५ ग्रॅम क्रीम चीज, ६० ग्रॅम साखर, एक अंडं, थोडा व्हॅनिला हे प्रमाण १५ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनला बरोबर बसतं, पण आपल्याकडे चहाचा कप आहे ना. आजेसासूबाई सगळं अंदाजानंच करायच्या. त्यांनी चीजकेक कधी केला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

क्रीम चीज मिळालं नाही तर नावात 'चीज' असलेलं काहीही चालेल. स्लाइस, क्यूब, पिझ्झावरचं, हाताला येईल ते. खारट लागलं की रेसिपी चुकीची होती म्हणायचं. (चक्का चालतो, खरंच चालतो. पण आठ-दहा तास टांगून कोरडा केलेला, आणि वर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर. एवढं करणार असाल तरच.)

चीज फ्रिजमधून काढून थेट फेटायला घ्या. गुठळ्या राहतील. त्या मोडायला अंडं घातल्यानंतर बीटर दहा मिनिटं जोरात फिरवा, म्हणजे मिश्रणात भरपूर हवा भरेल, ओव्हनमध्ये केक टम्म फुगेल आणि बाहेर काढल्यावर बसून तडकेल.

तळाचा बिस्किटांचा चुरा नुसता पसरा, दाबू नका. बुडवताना तो आपला आपण चॉकलेटमध्ये उतरतो.

१६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत कडा धरतात आणि मधला भाग जेलीसारखा थरथरतो. केक तेव्हाच बाहेर काढायचा असतो, गार होता होता तो धरतो. तुम्ही मात्र घाबरा, आणि सुरी कोरडी निघेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं राहू द्या. जास्त उकडलेल्या खरवसाला जाळी पडून पाणी सुटतं ना, अगदी तसं.

कापताना सुरी पुसू नका.

आता चॉकलेट. खालच्या भांड्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि चॉकलेटचं भांडं त्यात चांगलं बुडवा. वाफ कडेनं वर येऊन चॉकलेटवर पडली पाहिजे. चमचा नुकताच धुतलेला, निथळता घ्या. चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्याच स्निग्धांशात, तरंगत असतात. पाण्याचे चार थेंब पडले की साखर ओली होते, कण एकमेकांना धरतात आणि चकचकीत पातळ चॉकलेटचा बघता बघता रवाळ, मळकट गोळा होतो. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर होतं, तेच. मग तुम्ही काय करता? चमचाभर दूध घालता. ते आणखी घट्ट होतं. मग बटर घालता, ज्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मग गॅस मोठा करता, म्हणजे करपल्याचा वासही येतो. आणि मग मला फोन! अहो, तो गोळा आता बुडवण्याजोगा होत नाही. गरम क्रीम चमचा चमचा घालून ढवळलंत तर सॉस होईल. तो बशीत ओता, वर तुकडे मांडा आणि पाहुण्यांना सांगा की हे असंच असतं. बुडवायला नवीन चॉकलेट लागेल. किती वेळा सांगायचं? भांडं कोरडं, चमचा कोरडा, हात कोरडे. खाली दोन बोटं पाणी, गरम पण न उकळणारं, वरच्या भांड्याला न टेकणारं. पातळ करायचं तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा तेल. तेल! दूध नव्हे.

चॉकलेट महागातलं, खऱ्या कोको बटरचं आणा आणि नुसतं वितळवून वापरा. डार्क असेल तर ४५ अंशांपर्यंत तापवा, २७-२८ वर उतरवा, पुन्हा ३१-३२ वर आणा, या टेंपरिंगच्या, म्हणजे चॉकलेट चकचकीत आणि कडक धरावं म्हणून करायच्या, खटाटोपात पडू नका. दुसऱ्या दिवशी पांढरे पट्टे उमटले (वर आलेलं कोको बटरच ते) की 'बुरशी आली' म्हणून फेकून द्या. त्यातून मे महिना गाठा. नीट जमलेलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि स्वयंपाकघर ३६ वर. साधं कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं चॉकलेट, आणलंत तर टेंपरिंग लागत नाही, उन्हाळ्यात तग धरतं, जरा मेणचट लागतं इतकंच. पण शेजारच्यांना काय सांगणार?

तुकडे दगडासारखे गोठवून बुडवा. चॉकलेट लगेच धरतं, पण आतला केक सैलावताना वरचं कवच तडकतं. बाहेर दव सुटतं ते निराळं.

पुरे. लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला तर घर डोक्यावर घेता ना? श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगता, तेव्हा घाई आठवत नाही. लाडवाच्या पाकाला दोन बोटांत तार बघत उभ्या राहता, एकतारी की दोनतारी, आणि चारपाचशे रुपयांचा थर्मामीटर म्हटलं की 'एवढं कोण करतं'? चीज बदललंत, अंडं काढलंत, साखर निम्मी केलीत, वेळ पाव केलात, आणि रेसिपी चुकीची? रीलवाल्यांनी तापमान सांगितलं नाही हे खरं. तुम्ही तरी विचारलंत का?

शनिवारी सकाळी केक करा. रविवारी सकाळी तुकडे पाडा, बटर पेपरवर एकमेकांना न टेकता मांडा, वरून कडक होईपर्यंत पाऊणएक तास फ्रीझरमध्ये ठेवा. काट्यावर घेऊन एकेक बुडवा, काटा भांड्याच्या कडेवर आपटून जादा चॉकलेट गाळा, मग झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. आणि अडलंच तर फोन शुक्रवारी करा. रविवारी साडेसहाला मी उचलणार नाही.