‘पब्लिक डोमेन’ एवढं लिहून कोड मोकळा होत नाही

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: “कोड खरंच सगळ्यांना द्यायचाय ना? मग लायसन्सच्या भानगडीत पडू नका. रीडमीत ‘पब्लिक डोमेन’ लिहा, विषय संपला. जगात कुठेही चालतं, एसक्यूलाइटही तेच करतं.” रीडमी म्हणजे कोडसोबतची माहितीची फाइल, पब्लिक डोमेन म्हणजे कोणाच्याच कॉपीराइटमध्ये नसलेलं, आणि एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर. हेतू चांगला आहे, पण यात कोड देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

“लिहिलं की हक्क सुटला.” आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोंदणी न करताही हक्क आपोआप लागतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो सोडायची सोय कलम २१ मध्ये आहे: रजिस्ट्रारला ठरलेल्या नमुन्यात नोटीस, नाहीतर जाहीर नोटीस. रीडमीतल्या दोन शब्दांत कोणी, कोणता हक्क, कधीपासून सोडला यातलं काहीच नसतं. शिवाय नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे कंपनी. तो हक्क तुम्ही सोडूच शकत नाही.

“जगात कुठेही चालतं.” जर्मनीत लेखकाला मूळ हक्क पूर्णपणे सोडता येत नाही, वापराची परवानगी तेवढी देता येते. म्हणून तर २००९ च्या सीसी झिरोमध्ये, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या हक्क सोडायच्या तयार मजकुरात, दुहेरी तजवीज आहे: त्याग जिथे टिकत नाही तिथे तोच मजकूर बिनशर्त, कायमचा, जगभरचा परवाना ठरतो. पण कोडसाठी त्यातही मेख आहे. पेटंटचे हक्क सोडलेले नाहीत, असं त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. याच कारणावरून फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने २०२२ मध्ये कोडसाठी सीसी झिरो स्वीकारणं थांबवलं.

“एसक्यूलाइटही तेच करतं.” अर्धवट माहिती. तिथे कोड लिहिणाऱ्यांनी हक्क सोडल्याची प्रतिज्ञापत्रं सही करून दिली आहेत आणि मूळ प्रती अग्निरोधक तिजोरीत आहेत. अनोळखी माणसाचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ते घेत नाहीत. तरीही ज्या कंपन्यांच्या वकिलांना पब्लिक डोमेन पटत नाही, त्यांना ते हक्काची हमी विकत देतात. एवढी शिस्त तुमच्या प्रोजेक्टला झेपणार आहे का?

“लायसन्स म्हणजे कटकट.” काहीच अट नको असेल तर झिरो-क्लॉज बीएसडी हे तयार लायसन्स घ्या. जेमतेम दोन परिच्छेद, नाव द्यायचीही सक्ती नाही, आणि ‘पब्लिक डोमेन’ या ओळीत नसलेलं कलम त्यात आहे: कोड जसा आहे तसा, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. एमआयटी लायसन्सची अट एकच, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रतीसोबत ठेवा. ती मोडते बहुधा नकळत: जावास्क्रिप्ट मिनिफाय करताना, म्हणजे फाइल आकसून लहान करताना, टिप्पण्या उडतात आणि त्यांच्यासोबत ती ओळही. टिप्पणी उघडणाऱ्या तारांकनाला लागून उद्गारचिन्ह टाकलं की टर्सरसारखी मिनिफाय करणारी साधनं ती सहसा ठेवतात.

एक गोष्ट मात्र भारतात बारकाईने पाहावी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ हक्क-हस्तांतरणाबद्दल म्हणतं, आणि कलम ३०अ तेच परवान्यांना लावतं. एमआयटी आणि झिरो-क्लॉज बीएसडी दोन्हींत मुदतही नाही, प्रदेशही नाही. लायसन्सच्या मजकुराला हात लावू नका; रीडमीत वेगळी ओळ टाका: ‘हा परवाना कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी आहे.’ अपाची २.० या लायसन्समध्ये कायमचा आणि जगभरचा हे दोन्ही शब्द आधीच आहेत, पेटंटची परवानगीही आहे, आणि इतरांचे पॅच त्याच अटींवर येतात असंही कलम ५ सांगतं. बाहेरचे लोक कोड देणार असतील तर आमच्या मते तेच घ्यावं.

लायसन्सची फाइल रेपोच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्याच्या, मुळाशी ठेवा, प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं ठरीव छोटं नाव सांगणारी, एक ओळ टाका. जुन्या रेपोत इतरांचे पॅच आधीच आले असतील तर गिट शॉर्टलॉग या कमांडमधून त्यांची नावं आणि ईमेल काढा, आणि फाइल टाकण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती घ्या. जो उत्तर देत नाही, त्याचा भाग नव्याने लिहावा लागतो.