खुलासा: जुन्या घरातली वाळवी आणि ‘पाच वर्षांची हमी’

सांगलीत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घर घेतल्यावर पाच वर्षांत वाळवी निघाली तर रेराप्रमाणे विकणाऱ्याला खर्च द्यावाच लागतो.’ जुनं घर घेणाऱ्यांनी कृपा करून यावर विसंबू नये. आयुष्यभराची पुंजी लागलेली असते.

ही पाच वर्षं रेरा, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, 2016 च्या कलम 14(3) मधली, आणि ती बिल्डरसाठी आहेत: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर 30 दिवसांत विनाखर्च दुरुस्ती. गावभागातलं जुनं घर थेट मालकाकडून घेताना हे कलम लागत नाही.

तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 55 येतं. करारात वेगळं ठरलं नसेल, तर मालकाला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसला नसता असा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. म्हणजे भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या उघड दिसत होत्या आणि तुम्ही पाहिल्याच नाहीत, तर पुढे भांडायला फारशी जागा उरत नाही. रंगाखाली मुद्दाम दडवल्या असतील तर गोष्ट वेगळी. पण मालकाला ते माहीत होतं, हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

म्हणून विसार देण्याआधी चौकटी, तुळया, मोरीलगतचे कोपरे ठोकून बघा. लाकूड पोकळ वाजतं का, स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत जातं का? 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी शिरलेलं घर असेल तर दुप्पट बारकाईने, कारण वाळवीला ओल लागते. वाळवी निघाल्यास खर्च कोणाचा, हे साठेखतातच (खरेदीखताआधीच्या विक्री करारातच) लिहून घ्या.