फुकट शिक्षण म्हणे, आणि फुकट राबणं ते वेगळंच!

"जर्मनीत काय बाबा, शिक्षण फुकट!" असं छातीठोकपणे सांगणारे सगळे काका, मामा आणि पुण्यातले कन्सल्टन्सीवाले, यांना एकदा इथे आणून इंटर्नशिप करायला लावली पाहिजे. पगाराशिवाय.

फी नाही, मान्य. सरकारी युनिव्हर्सिटीत सेमिस्टरचे थोडेफार पैसे भरले की भागतं. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो मोजावे लागतात, हे सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही.) पण माझ्या कोर्सला सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. अभ्यासक्रमात सक्तीची असेल, तर कंपनीला किमान वेतन द्यायचं बंधन नाही! कायद्यातच तशी सूट. तेच मी हौसेने तीन महिन्यांहून जास्त केली असती, तर 2025 च्या दराने ताशी 12.82 युरो तरी पदरात पडले असते. कंपन्या काय खुळ्या आहेत? जाहिरातीतच लिहितात, "फक्त सक्तीची इंटर्नशिप, कॉलेजचं पत्र जोडा." माझा रूममेट बेकरीत पाव विकून किमान वेतन घेतो आणि मी इंजिनिअर होऊन, आठवड्याला 40 तास घासून, महिन्याला 400 युरो. त्यातही मॅनेजरचा चेहरा असा, की जणू खिशातून देतोय.

बरं, 400 मध्ये होतं काय? इथलं सरकारच म्हणतं की विद्यार्थ्याला जगायला महिन्याला 992 युरो लागतात. व्हिसाच्या वेळी वर्षाचे 11,904 ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात) ठेवून घेतात ते त्याच हिशोबाने. मग हा हिशोब कंपनीच्या दारात आल्यावर कुठे जातो? त्यात इंटर्नशिप मिळाली दुसऱ्या शहरात. होस्टेलची खोली सोडावी तर परत वेटिंग लिस्टच्या शेपटाला. म्हणजे दोन भाडी. रेस्टॉरंटमधलं भांडी घासायचं काम होतं, तेही गेलं. बाबा फोनवर विचारतात, "आता पगार सुरू झाला ना रे?" काय सांगू?

आणि शिकतोय काय? कोर्स अख्खा इंग्रजीत, इंटर्नशिपच्या जाहिरातीत बी2 पातळीचं जर्मन मागितलं, म्हणून रात्र रात्र डेर-डी-डास, म्हणजे त्यांची लिंगं, घोकली. काम काय, तर पीडीएफमधले पार्ट नंबर एक्सेलमध्ये उतरवायचे आणि स्क्रूच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायची. लेबल वाकडं लागलं की मॅनेजर शांतपणे सोलून परत देतो. त्यावर मी कॉलेजला रिपोर्ट लिहायचा, 'औद्योगिक प्रक्रियांचा अनुभव'!

काल एचआरची मेल आली. काम आवडलं, अजून तीन महिने थांबता का? पगार तोच. फक्त कॉलेजकडून ही मुदतसुद्धा सक्तीचीच आहे असं पत्र आणा.

सक्ती वाढवून आणा म्हणे! घंटा आणतो.